आवाराखालच्या मातीचाही अहवाल मागा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, नगरविकास,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : व्यापारी प्रकल्पांच्या आवारातील डांबरीकरणासाठी माती परीक्षण सक्तीचे करण्याबाबत.

माननीय महोदय,

राज्यात कुठेही व्यापारी संकुल, मॉल, गोदाम किंवा ऑफिस पार्क उभे राहायचे असले की जमिनीच्या पोटात काय आहे ते तपासले जाते, पण फक्त इमारतीपुरते. जिथे कॉलम येणार तिथे बोअर घेतले जातात. खडक किती मीटरवर लागला, तो किती भार पेलेल, पाया कुठवर न्यायचा हे अहवालात येते आणि त्या आधारावर स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करतो. हे योग्यच आहे. पण त्याच प्लॉटवर इमारतीबाहेर जी जागा उरते, म्हणजे आतले रस्ते, पार्किंग, माल उतरवण्याचे आवार, अग्निशमन गाडीची वाट, तिच्याखालच्या मातीबद्दल त्या अहवालात बहुधा एक ओळही नसते. तिचे भवितव्य अंदाजपत्रकातल्या एका नोंदीवर ठरते : मुरूम इतका, खडी इतकी, वर कार्पेट आणि सीलकोट. ही नोंद मागच्या कामाच्या अंदाजपत्रकातून जशीच्या तशी उचललेली असते, आणि ते मागचे काम दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्याच मातीवर झालेले असू शकते. २०२० साली लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्यात, एक दुरुस्ती करावी अशी माझी मागणी आहे. व्यापारी प्रकल्पाच्या माती परीक्षण अहवालात आवाराच्या फरसबंदीचे स्वतंत्र प्रकरण असावे, आणि ते पाळले गेल्याचे चाचणी-निकाल भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत यावेत.

हे का, ते सांगतो. अख्ख्या प्लॉटवर सर्वांत जास्त हाल कुठल्या जमिनीचे होत असतील तर ते आवाराच्या. तळघराच्या खोदाईची माती तिथेच ढिगाने पडते. ट्रान्झिट मिक्सर, क्रेन, सळयांचे ढीग, कामगारांच्या झोपड्या, त्यांचे सांडपाणी, सगळे तिथेच. मग नळ आणि केबल टाकायला चर खणले जातात : पावसाळी गटार, मलवाहिनी, हायड्रंटची रिंग, विजेची मोठी केबल. प्रत्येक चर वेगळ्या कंत्राटदाराचा. तो हाताशी असेल त्या मातीने भरायचा, जेसीबीच्या बकेटने वरून दोन थापा मारायच्या आणि पुढे जायचे. तळघराच्या भिंतीमागची भर तर कित्येक मीटर खोल असते. ती साधारण २०० मिलिमीटरच्या थरांनी टाकून, प्रत्येक थर रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून मगच पुढचा थर टाकायला हवा. तसे न करता ‘पाणी सोडून बसवली’ असे सांगण्याचा रिवाज आहे. पाण्याने स्वच्छ वाळू बसेल, चिकण माती बसत नाही, ती फक्त भिजते. या सगळ्यावर डांबर पडते ते शेवटच्या पंधरवड्यात, जेव्हा पैसे संपत आलेले असतात आणि उद्घाटनाची तारीख पत्रिकेवर छापून झालेली असते. पहिल्या पावसाळ्यानंतर आवारात पडलेल्या खचींचा नकाशा काढला तर तो भूमिगत नळांच्या नकाशाशी बराचसा जुळतो. मग दोष डांबराला दिला जातो आणि वर आणखी एक कार्पेट चढवले जाते.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात यात आणखी एक भर पडते ती काळ्या मातीची. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नदीखोऱ्यांत बेसाल्ट झिजून तयार झालेली ही माती कपाशीला वरदान आहे, रस्त्याला नाही. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी धरून फुगते आणि सुकले की आकसते. एप्रिल-मे महिन्यात तिच्यावर कुदळ मारली तर कुदळ उडते, आणि नेमक्या याच काळात बहुतेक आवारांचे काम निघते. ‘जमीन दगडासारखी आहे, वर सोलिंगचीही गरज नाही’ हे वाक्य त्या महिन्यांत अगदी खरे वाटते. ते खरे की खोटे हे ठरवायला एक जुनी चाचणी आहे. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती घडली म्हणून तिला कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो, म्हणजेच सीबीआर, म्हणतात. १५० मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी साच्यात माती ठरलेल्या घनतेने ठोकून भरतात, वर रस्त्याच्या थरांइतके वजन ठेवतात आणि साचा ९६ तास, म्हणजे चार दिवस, पाण्यात बुडवून ठेवतात. या चार दिवसांत माती किती फुगली ते डायल गेजवर दिसते. मग ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला सव्वा मिलिमीटर या संथ गतीने तिच्यात दाबतात. अडीच मिलिमीटर आत जायला फोडलेल्या दगडी खडीला १३७० किलो लागतात हे प्रमाण धरले आहे. आपल्या मातीला त्याच्या किती टक्के लागले, तो तिचा सीबीआर. उन्हाळ्यात कुदळ उडवणारी काळी माती चार दिवस भिजून आली की अनेकदा दोन-तीन टक्क्यांवर येते.

हा आकडा निव्वळ प्रयोगशाळेचा खेळ नाही, रस्त्याची सगळी जाडी त्यावर ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:३७ या मार्गदर्शिकेच्या २०१८ च्या आवृत्तीत मातीचा ताठपणा सीबीआरवरून काढायची सूत्रे आहेत. त्यांप्रमाणे २ टक्के सीबीआरची माती २० मेगापास्कल ताठपणा देते, तर ८ टक्क्यांची सुमारे ६७. म्हणजे तीच खडी आणि तेच डांबर एका प्लॉटवर तिपटीहून जास्त आधार असलेल्या जमिनीवर बसते आणि शेजारच्या प्लॉटवर दलदलीवर. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे रस्त्याखालची वरची ५०० मिलिमीटर माती जड कॉम्पॅक्शन चाचणीच्या कमाल घनतेच्या ९७ टक्क्यांपर्यंत दाबलेली असली पाहिजे, आणि दिवसाला ४५० हून अधिक व्यापारी वाहने जाणार असतील तर तिचा प्रभावी सीबीआर ५ टक्क्यांखाली चालत नाही. मॉलच्या आवारात एवढी जड वाहने येत नाहीत, हे मान्य. पण कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांसाठी जी आयआरसी:एसपी:७२ आहे, तीसुद्धा जमिनीचे पाच वर्ग सीबीआरवरूनच पाडते. २ टक्के म्हणजे अति निकृष्ट, १० ते १५ म्हणजे अति उत्तम. थोडक्यात, एखाद्या वाडीकडे जाणारा सरकारी रस्ता करताना जी चाचणी लागते, ती कोट्यवधींच्या व्यापारी संकुलाच्या आवाराला लागत नाही. ही विसंगती मला समजत नाही, आणि आपल्या विभागालाही ती समर्थनीय वाटू नये.

फुगण्याचा प्रश्न मात्र सीबीआरच्याही पुढचा आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे, कारण इथे ‘डांबर जाड करा’ हा नेहमीचा उपाय साफ निकामी ठरतो. खडी-मुरूम-डांबर मिळून अर्धा मीटर जाडीचा रस्ता धरला तर त्याचे वजन चौरस मीटरला साधारण १.१ टन भरते. काळ्या मातीचा फुगण्याचा दाब याच्या अनेक पट असू शकतो. इमारतीच्या पायाखाली चौरस मीटरला कितीतरी जास्त भार असतो, शिवाय पाया बहुधा ही माती ओलांडून मुरमावर किंवा खडकावर टेकलेला असतो. म्हणून इमारत जागची हलत नाही आणि तिच्या पायरीला लागून असलेले आवार मात्र पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात बसते आणि कडेने लांबच लांब भेग देते. ही माती ओळखायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम कोरडी माती एका मोजपात्रात पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्या मोजपात्रात केरोसीनमध्ये. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. दिवसभराने दोन्हींची पातळी वाचायची. पाण्यातली माती केरोसीनमधल्या मातीपेक्षा ५० टक्क्यांहून अधिक वाढलेली दिसली तर केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक विनिर्देशांप्रमाणे ती भरावात वापरता येत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाला जी माती चालत नाही, ती आपल्या व्यापारी आवारांच्या खाली सर्रास असते, कारण तळघर खणताना निघालेली तीच माती फुकट मिळते आणि वाहून न्यायचा खर्च वाचतो.

उपाय आपल्याच राज्यात अभ्यासले गेले आहेत. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर थर दिला तर फुगण्याला बराच आळा बसतो हे दाखवून दिले आणि कालव्यांच्या कामांत ते तंत्र वापरले गेले. आवारात पातळ्या बांधलेल्या असतात, प्लिंथ आणि बाहेरचा रस्ता दोन्हींशी जुळवून घ्यावे लागते, त्यामुळे मीटरभर खोदून मुरूम भरणे दरवेळी जमत नाही. तिथे चुना मिसळून मातीचा चिकटपणा आणि फुगणे कमी करता येते. किती टक्के चुना, हे त्या मातीवर चाचणी करूनच ठरते. काळी माती राहूच द्यायची असेल तर ती सुकी ठोकून भागत नाही : सुकी आणि घट्ट ठोकलेली काळी माती पाणी मिळताच जास्त फुगते, म्हणून तिला योग्य ओलावा देऊनच दाबावे लागते. ओल्या चिकण मातीवर थेट खडी टाकली तर चाकांच्या दाबाने खडी खाली आणि चिखल वर येतो. मध्ये जिओटेक्स्टाइल घातले तर दोन्ही आपापल्या जागी राहतात. यातला कुठला उपाय कुठे, हे मातीच सांगू शकते, आणि तिला विचारलेच नाही तर कंत्राटदाराच्या सवयीवर सगळे सोडून द्यावे लागते.

काळी माती नसेल तिथे प्रश्न संपतो असेही नाही. नवी मुंबई, उरण, पनवेलच्या खाजण जमिनीत मऊ सागरी गाळ आहे. तिथे इमारत पाइल्सवर उभी राहते आणि खचत नाही. आवार मात्र भरावाच्या वजनानेच वर्षानुवर्षे बसत राहते, आणि प्रवेशद्वारापाशी जिथे सपाट चालत आत जायचे तिथे पायरी तयार होते. कितीही चांगले डांबर हे थांबवू शकत नाही. भराव आधी टाकून पुरेसा काळ जमीन बसू द्यायची, लागल्यास उभ्या निचरा-पट्ट्या देऊन ती लवकर बसवायची, आणि इमारतीच्या कडेला खचणे सामावून घेणारा जोड ठेवायचा, हे नियोजन इमारतीबरोबरच व्हायला लागते. पुण्याच्या आसपास बंद पडलेल्या खाणी आणि बुजवलेले नाले राडारोड्याने भरून त्यावर प्लॉट पडले आहेत. त्या भरावात विटा, प्लास्टर, प्लास्टिक, लाकूड, सगळे असते आणि मधल्या पोकळ्या कधी भरतील हे सांगता येत नाही. इमारतीचे बोअर खडकापर्यंत जातात, म्हणून तिचा पाया सुटतो. आवाराला पाया नसतो, त्याला त्या राडारोड्यावरच दिवस काढायचे असतात.

आता भार. व्यापारी आवारात कारच जास्त येतात, मग एवढी काळजी कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या आशो रोड टेस्टमधून निघालेला निष्कर्ष आजही ढोबळपणे धरला जातो : अक्षावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सोळा पट होते, म्हणजे ती भाराच्या चौथ्या घातात वाढते. रस्त्याचे आयुष्य ज्या प्रमाणित अक्षात मोजतात तो ८० किलोन्यूटनचा, सुमारे ८.१६ टनांचा. आपल्याकडे चार चाकांच्या एकेरी अक्षाची कायदेशीर मर्यादा १०.२ टन होती, ती २०१८ मध्ये ११.५ टन झाली. नुसत्या या बदलाने पूर्ण भरलेल्या अक्षाची झीज प्रमाणित अक्षाच्या सुमारे २.४ पटीवरून ३.९ पटीवर गेली. उलट कारचा ०.७ टनांचा अक्ष धरा : १०.२ टनांचा एक अक्ष अशा सुमारे ४५ हजार अक्षांइतके नुकसान करतो. म्हणजे दिवसभर ये-जा करणाऱ्या शेकडो गाड्यांचे आवार खरे तर रोज येणारा कचऱ्याचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि सुपरमार्केटला माल आणणारा कंटेनर मोडत असतात. आणि ही वाहने ठरलेल्या वाटेनेच जातात. म्हणूनच अमेरिकेतल्या व्यापारी प्रकल्पांच्या माती-अहवालांत फरसबंदीचे प्रकरण असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यात पार्किंगच्या जागांसाठी हलका आणि ट्रकच्या मार्गासाठी जड असे दोन वेगळे छेद, म्हणजे थरांच्या रचना, दिलेले असतात. आपण सगळीकडे एकच छेद घालतो : जिथे कार उभ्या राहतात तिथे गरजेपेक्षा जास्त, जिथे ट्रक वळतो तिथे गरजेपेक्षा कमी. माती आणि वाहतूक दोन्ही पाहून केले तर एकूण साहित्य वाढेलच असे नाही.

मालवाहू धक्क्यापाशी आणि कचराकुंड्यांसमोर तर डांबर मुळातच नको. तिथे वाहन तासन्‌तास उभे राहते, जागच्या जागी चाके वळवते, आणि त्यातून गळणारे डिझेल डांबराला विरघळवते. अहवाल करणाऱ्याने स्पष्ट लिहावे की इथे काँक्रीटचा पट्टा द्या. याच संदर्भात अग्निशमनाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते या पत्रातला तो सर्वांत गंभीर मुद्दा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उंच इमारतींभोवतीची मोकळी जागा ४५ टनांपर्यंत वजनाची अग्निशमन गाडी पेलेल अशी कठीण पृष्ठभागाची असावी लागते. नियम आहे, ना हरकत दाखल्यातही तो येतो. पण ती जागा ४५ टन पेलते हे कशावरून? नकाशावर ६ मीटर रुंदी मोजता येते, भारक्षमता मोजता येत नाही. शिडीची गाडी जॅक टेकवून उभी राहते तेव्हा तो भार अगदी छोट्या जागेवर येतो, आणि नेमका तो जॅक तळघराच्या भिंतीमागच्या ‘पाणी सोडून बसवलेल्या’ भरावावर टेकला तर काय होईल, याचा विचार आग लागण्याआधी झालेला बरा.

पाण्याबद्दल थोडक्यात. सार्वजनिक रस्त्याला बाजूपट्टी असते, खडीच्या थरातले पाणी कडेने गटारात निघून जाते. व्यापारी आवाराला चारही बाजूंनी कर्ब, मधे झाडांचे वाफे, त्यांना रोजचे ठिबक. त्यामुळे खडीचा थर भरलेल्या हौदासारखा होतो. २० मिलिमीटरचे ओपन ग्रेडेड कार्पेट पाणी अडवत नाही, ते काम सीलकोटचे असते, आणि त्या कार्पेटला भार पेलण्याच्या हिशेबात काही किंमतही नसते. शिवाय पर्जन्यजल संधारण सक्तीचे असल्याने शोषखड्डे खणले जातात, जागा उरलेली असते ती रस्त्याच्या कडेला, आणि काळ्या मातीत ते पाणी खाली मुरण्याऐवजी आडवे पसरून रस्त्याखाली शिरते. संधारणाचा नियम चांगलाच आहे. शोषखड्ड्याची जागा माती पाहून ठरवा आणि खडीच्या थरातले पाणी बाहेर काढायला सच्छिद्र नळाची वाट द्या, एवढे एका परिच्छेदात सांगणारा अहवाल हवा.

तर मी ज्या प्रकरणाची मागणी करतो आहे ते काही ग्रंथ नव्हे. आवारात ठरावीक अंतरावर दीड-दोन मीटर खोल चाचणी-खड्डे, प्रत्येक वेगळ्या थरातल्या मातीचे वर्गीकरण, मुक्त फुगवण, चार दिवस भिजवलेला सीबीआर, भराव असल्यास त्याची खोली आणि जात. त्यावरून हलका आणि जड असे दोन छेद, जमीन तयार करण्याची पद्धत, चर आणि तळघराची भर कशी दाबायची याची अट, पाण्याच्या निचऱ्याची सोय, काँक्रीट कुठे घालायचे ते. आणि काम चालू असताना करायच्या तपासण्या. यांतली एक मला विशेष महत्त्वाची वाटते. खडी टाकण्यापूर्वी तयार जमिनीवरून भरलेला डंपर संथपणे फिरवायचा आणि मागून चालत पाहायचे. जिथे माती चाकाखाली लवते आणि मागे उसळते, तिथे खडूने वर्तुळ काढायचे, तेवढी माती उकरून बदलायची. याला प्रूफ रोलिंग म्हणतात. डंपर साइटवर असतोच, चालकही असतो, फक्त पाहणारा आणि ‘इथे उकरा’ म्हणायचा अधिकार असलेला माणूस लागतो.

यावर येणाऱ्या हरकती मला ठाऊक आहेत. पहिली, आणखी एक कागद वाढला, इझ ऑफ डुइंग बिझनेसचे काय? ड्रिलिंगची एजन्सी आधीच साइटवर असते, प्रयोगशाळेशी करार झालेला असतो. जेसीबीने अर्ध्या दिवसात खड्डे होतात. मध्यम आकाराच्या प्रकल्पात या चाचण्या एक-दोन डंपर डांबरी मिश्रणाच्या किमतीत बसतात, आणि अहवाल परवानगीच्या वेळीच येत असल्याने वेळ वाढत नाही. छोट्या दुकानांना याचा जाच नको, म्हणून ठरावीक क्षेत्रफळाखालचे भूखंड वगळा, माझी त्याला हरकत नाही. दुसरी हरकत, ही खाजगी जागा आहे, मालक खड्ड्यात गाडी चालवो की खड्डे बुजवो, सरकारला काय? पण ही जागा खाजगी असली तरी वापर सार्वजनिक आहे, अग्निशमनाची अट सरकारचीच आहे, आणि विकलेल्या गाळ्यांच्या प्रकल्पांत तर २०१६ च्या रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे आहेत. त्या कायद्यातल्या ‘अंतर्गत विकासकामां’च्या व्याख्येत रस्तेही येतात. गाळेधारकाने तक्रार केली तर मूळ छेद काय ठरला होता, जमीन किती दाबली होती, हे सांगणारा कागदच नसतो. अहवाल असता तर प्रामाणिक विकासकालाही त्याचा आधार झाला असता, कारण मग ‘कचऱ्याचा ट्रक कुठूनही नेला म्हणून खचले’ हे त्याला सिद्ध करता येईल.

तिसरी हरकत जास्त वजनदार आहे : डांबर सोडा आणि सगळीकडे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घाला, म्हणजे मातीची कटकटच नको. अनेक संकुले हाच मार्ग धरतात. पण मातीपासून सुटका त्यात नाही. काँक्रीट रस्त्याच्या रचनेतही जमिनीचा आधार मोजूनच जाडी ठरते, आणि फुगणाऱ्या मातीवर काँक्रीटची लादी कोपऱ्यांवर उचलली जाते, मग भरलेला ट्रक आला की तिचा कोपरा तुटतो. ती डांबरापेक्षा महाग पडते आणि दुरुस्तीही अवघड. पेव्हर ब्लॉक उकरून पुन्हा बसवता येतात हा त्यांचा गुण खरा, पण खालची भर बसली की ती खच ब्लॉकवर डांबराहून स्पष्ट दिसते, आणि सांध्यांतून पाणी थेट मातीत जाते. आवारात काय घालावे हा मालकाचा आणि त्याच्या आर्किटेक्टचा निर्णय असावा. खाली काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय तो घेऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

चौथी हरकत मला सर्वांत खरी वाटते, आणि तिच्यावर उत्तर न शोधता नियम केला तर तो फुकट जाईल. सल्लागार मागच्या प्रकल्पाचे प्रकरण कॉपी-पेस्ट करून देतील, सगळीकडे सीबीआर ८ टक्के लिहिला जाईल, आणि महापालिका त्यावर शिक्का मारेल. ही शक्यता नाकारण्यात अर्थ नाही. इमारतींच्या माती-अहवालांतही असे होत नाही, असे कुणी छातीठोकपणे म्हणू नये. म्हणून भर अहवालावर नको, कामाच्या वेळच्या नोंदींवर हवा. भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत जागेच्या खुणेसह चाचणी-खड्ड्यांची आणि प्रूफ रोलिंगची छायाचित्रे, प्रत्येक थराच्या घनतेचे निकाल, आणि अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्यानेच दिलेला ‘मी काम पाहिले’ असा दाखला मागावा. घनतेची चाचणी वाळू ओतून होते : थरात खड्डा करायचा, निघालेली माती तोलायची, खड्ड्यात मावलेल्या वाळूवरून त्याचे आकारमान काढायचे. ती आवारात कुठेही, कधीही पुन्हा करता येते, म्हणून शंका आल्यास महापालिका दोन ठिकाणी खोदून पडताळणी करू शकते. शंभरातल्या पाच प्रकल्पांतही अशी अचानक पडताळणी झाली तर कॉपी-पेस्ट महाग पडू लागेल. रेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांचे हे प्रकरण महारेराच्या संकेतस्थळावर खुले ठेवले तर गाळा घेणाऱ्यालाही ते वाचता येईल.

एका मर्यादेची आठवण करून देतो. यूडीसीपीआर मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीला आणि एमआयडीसीच्या क्षेत्रांना लागू नाही, आणि सर्वांत जड वाहतुकीची गोदामे व लॉजिस्टिक पार्क यांतली बरीच एमआयडीसीच्या भूखंडांवर आहेत. त्यामुळे एमआयडीसीच्या स्वतःच्या नियमावलीत आणि मुंबईच्या नियमावलीत हीच तरतूद समांतरपणे यायला हवी. एमआयडीसी उद्योग विभागाच्या अखत्यारीत येते हे मला माहीत आहे. आपल्या विभागाने पुढाकार घेतला तर तो विभाग मागे राहणार नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे या दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्यात. मसुदा ठरवताना आयआयटी मुंबई, राज्यातली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये, अग्निशमन सेवा संचालनालय आणि विकासकांच्या संघटना यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. कुठल्या क्षेत्रफळापासून सक्ती लागू करायची आणि किती जागेमागे एक चाचणी-खड्डा घ्यायचा हे त्या चर्चेत ठरू द्या. मुद्दा मान्य असेल तर मसुदा येत्या पावसाळ्याआधी यावा, कारण यंदा मंजूर होणाऱ्या प्रकल्पांच्या इमारतींचे बोअर घेणारी यंत्रे त्याच वेळी जमिनीवर असतील, आणि आवाराचे खड्डे घ्यायला त्याहून सोयीची वेळ पुन्हा येत नाही.

कळावे,

आपला नम्र,
एक स्थापत्य अभियंता